सीरियल कन्सोलला खिडकीचा आकार का कळत नाही

व्हर्च्युअल मशिनच्या सीरियल कन्सोलवर (सीरियल तारेतून चालणाऱ्या मजकुरी टर्मिनलवर) व्हिम हा एडिटर उघडला की खिडकी कितीही मोठी असो, मजकूर वरच्या २४ ओळींतच कोंबलेला दिसतो. लांबलचक कमांड टाइप केली तर ती ८०व्या अक्षराशी वळून स्वतःवरच चढते. एसएसएचवर, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन केल्यावर, असं होत नाही.

याचं मूळ सीरियल जोडणीच्या १९६० सालच्या आरएस-२३२ मानकात आहे. त्यात अक्षरांसाठी तारा आहेत, 'मी तयार आहे' असे मोजके इशारे आहेत; पडद्याचा आकार सांगायची सोय मात्र नाही. ती हवी तरी कशाला होती? पलीकडे टेलिटाइप असे, कागदावर सेकंदाला १० अक्षरं उमटवणारा. लिनक्समधलं 'टीटीवाय' हे नाव त्याचंच. १९७८ च्या व्हीटी१०० या टर्मिनलचा पडदा ८० बाय २४ चा. 'टर्म' या व्हेरिएबलमध्ये टर्मिनलचं नाव असलं की आकार त्याच्या नोंदीतून मिळे.

पडद्यावर खिडक्या आल्या आणि आकार बदलता झाला. मग युनिक्सच्या कर्नलने (सिस्टमच्या गाभ्याने) तो लक्षात ठेवायला सुरुवात केली, बदलला की प्रोग्रामला 'सिगविंच' सिग्नल जाऊ लागला. टेलनेट आणि एसएसएच आकार निरोपातून कळवतात. सीरियलला असा निरोपच नाही, आणि व्हर्च्युअल मशिन चालवणारं क्यूईएमयू हुबेहूब १६५५०ए या सीरियल चिपची नक्कल करतं, त्यामुळे ही उणीवही तशीच आत येते.

म्हणून आकार हातानेच सांगावा लागतो. आधी 'एसटीटीवाय साइझ' चालवा. '० ०' आलं तर कर्नलला काहीच ठाऊक नाही. मग 'एसटीटीवाय रोज ५० कॉल्स १६०', म्हणजे ५० ओळी आणि १६० स्तंभ; आकडे आपल्या खिडकीचे. एक्सटर्म या टर्मिनल प्रोग्रामसोबतचं 'रिसाइझ' जास्त सोयीचं: ते कर्सर उजव्या खालच्या कोपऱ्यात ढकलतं, टर्मिनललाच त्याची जागा विचारतं आणि आलेलं उत्तर कर्नलला कळवतं. खिडकी ताणली की पुन्हा चालवायचं. बॅशआरसीत (शेल सुरू होताना चालणाऱ्या फाइलीत) घालणार असाल तर आधी 'टीटीवाय' या कमांडचं उत्तर '/डेव्ह/टीटीवायएस०' आहे ना हे तपासा, नाहीतर एसएसएचच्या सत्रातही ते नाहक चालेल.

सिस्टमडीची सीरियल गेटी (सीरियलवर लॉगिन दाखवणारा प्रोग्राम) 'टर्म'मध्ये सहसा 'व्हीटी२२०' ठेवते. रंग हवे असतील तर 'एक्सटर्म-२५६कलर' करा, पण त्याची टर्मइन्फो नोंद (टर्मिनलच्या माहितीची नोंद) गेस्टमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल मशिनच्या आत, असायला हवी.

काहीच उमटत नसेल तर दोष आकाराचा नाही. कर्नलला सुरू होताना दिल्या जाणाऱ्या ओळीत 'कन्सोल=टीटीवाय० कन्सोल=टीटीवायएस०,११५२००एन८' आहे का बघा. क्रमही महत्त्वाचा: शेवटचा कन्सोल हाच '/डेव्ह/कन्सोल' होतो.