पाइपात घातली म्हणून केबल कोरडी राहत नाही

परसातल्या खोलीत किंवा गोठ्यावरच्या कॅमेऱ्याला इंटरनेट न्यायचं म्हटलं की बेळगाव, खानापूर, निपाणीकडे एकच सल्ला मिळतो: पीव्हीसी पाइपातून न्या, मग घरातली साधी लॅन केबलही जमिनीखाली चालते. हे अर्धंच खरं आहे.

पाइप कुदळीपासून आणि उंदरांपासून वाचवतो, पाण्यापासून नाही. सांध्यांना कितीही सोल्युशन लावा, आतल्या दमट हवेचं गारव्याने पाणी होतं आणि सखल भागात साचतं. खानापूरच्या पावसात तर बोलायलाच नको. घरातल्या केबलचं आवरण सतत ओलीत राहण्यासाठी केलेलंच नसतं. ओल आत शिरली की सिग्नल क्षीण होतो. जोडणीचा वेग सेकंदाला १ गिगाबिटवरून १०० मेगाबिटवर येतो, मग जोडणी अधूनमधून तुटायला लागते. शिव्या मात्र बिचाऱ्या राउटरला. टोकाचा कनेक्टर कापून पाहा, तांब्यावर हिरवट थर सापडू शकतो.

जमिनीखाली जेल भरलेली, काळ्या पॉलिथिलीन आवरणाची, शुद्ध तांब्याची केबल हवी. अंतर १०० मीटरच्या आत.

माझं विचाराल तर दोन इमारतींमध्ये तांबं नकोच. वळवाच्या दिवसांत जवळपास वीज पडली, की दोन्हीकडच्या अर्थिंगमधल्या फरकामुळे झटका केबलमधून थेट यंत्रांत शिरतो. धातू नसलेली फायबर, म्हणजे प्रकाशाने सिग्नल नेणारी काचेची केबल, आणि दोन टोकांना दोन मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे तो प्रकाश लॅन केबलच्या सिग्नलमध्ये बदलणारे छोटे डबे, घ्या. पाइप तरीही घालाच, आत नायलॉनची दोरी सोडून. पुढे दुसरी केबल ओढायला चर खणावा लागत नाही.