कॅश साफ करा, रॅम वाढवा : मंद ब्राउझरवरचे उपाय आले कुठून?

घरच्या संगणकावरचा ब्राउझर अडकायला लागला की सगळीकडून तेच सल्ले येतात. कॅश साफ करा, कुकीज उडवा, एक्सटेन्शन काढा, हार्डवेअर ॲक्सेलरेशन बंद करा, रॅम वाढवा. माणूस यादीतलं एकेक करत जातो, कधीतरी फरक पडतो, पण नेमका कशाने पडला ते कळत नाही. महिनाभरात दुखणं परत येतं. यातला एकही सल्ला कुणी हवेतून काढलेला नाही, प्रत्येकामागे ब्राउझरच्या इतिहासातली खरी अडचण आहे. मात्र काही अडचणी केव्हाच मिटल्या आणि त्यांच्यावरचे उपाय तेवढे मागे राहिले.

सुरुवात कॅशपासून करू, कारण सर्वांत जास्त दिला जाणारा आणि सर्वांत कमी उपयोगी पडणारा सल्ला तोच. १९९३ साली मोझॅक हा ब्राउझर आला आणि मजकुराच्या मध्येच चित्रं दिसू लागली. १९९४ मध्ये नेटस्केप आला. त्या काळी घरात फोनच्या तारेवर चालणारा मोडेम असायचा. २८.८ केबीपीएसच्या (किलोबिटच्या; आठ बिटांचा एक बाइट) मोडेमवर सेकंदाला जेमतेम साडेतीन केबी उतरायचे, म्हणजे ५० केबीच्या एका चित्राला चौदाएक सेकंद. म्हणून एकदा आलेलं चित्र ब्राउझर डिस्कवर जपून ठेवायचा. कॅश म्हणजे हा साठा, आणि तो वेग वाढवण्यासाठीच आहे. मग तो साफ करायचा सल्ला कुठून आला? कधी कधी साठ्यातली जुनी प्रत आणि साइटवरची नवी प्रत यांचा मेळ बसायचा नाही, पान अर्धं जुनं अर्धं नवं दिसायचं. तेव्हा कॅश उडवली की पान ताळ्यावर यायचं. तो उपाय चुकीच्या दिसण्यावरचा होता. संथपणावर तोच वापरला, तर ब्राउझरला सगळं नव्याने उतरवावं लागतं आणि पुढचा काही वेळ तो आणखी संथ चालतो. एखादीच साइट विचित्र दिसत असेल तर तेवढ्या साइटचा साठा काढावा, बाकीचा राहू द्यावा. कुकीज, म्हणजे साइटने तुमची ओळख लक्षात ठेवायला जपलेल्या नोंदी, तर प्रत्येकी फार तर चार केबीच्या. त्या उडवून वेग वाढत नाही, सगळीकडे पुन्हा लॉगिन मात्र करावं लागतं.

आजच्या संथपणाचं मूळ दुसरीकडे आहे. मे १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठी दहा दिवसांत जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेचा पहिला नमुना तयार केला. फॉर्ममधला रकाना रिकामा राहिला तर सांगणं, असल्या बारीक कामांसाठी ती भाषा होती. त्यामुळे पानातली स्क्रिप्ट (त्या भाषेतला कोड), मजकुराची मांडणी आणि तुमचे क्लिक ही सगळी कामं एकाच रांगेत, एकामागून एक होतात याचं तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ५ ने पान न बदलता मागच्या मागे माहिती आणायची सोय दिली. एप्रिल २००४ मध्ये जीमेल आणि २००५ मध्ये गूगल मॅप्स आले, आणि वाचायचं पान हे एक चालतं सॉफ्टवेअर झालं. रांग मात्र अजूनही बहुतांशी एकच आहे.

सध्याच्या बहुतेक तक्रारी इथेच उलगडतात. साधा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे ब्राउझरला दर वेळी सुमारे १६ मिलिसेकंद मिळतात. एखाद्या स्क्रिप्टने सलग ३०० मिलिसेकंद घेतले, तर तेवढा वेळ स्क्रोल अडकू शकतो आणि टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं. इथे इंटरनेटचा वेग कितीही वाढवला तरी काही होत नाही, आणि नेमके त्याच्यावरच लोक पैसे घालतात याचं मला वाईट वाटतं. पानांचं वजन वाढलं आहे ते वेगळंच. वेबपानांची मोजदाद ठेवणाऱ्या एचटीटीपी आर्काइव्हच्या आकड्यांत २०१० च्या अखेरीस साधारण पान अर्ध्या एमबीच्या आत होतं. २०२२ मध्ये ते दोन एमबीच्या वर गेलं, आणि त्यातली एकटी जावास्क्रिप्टच २०१० च्या अख्ख्या पानापेक्षा जड होती.

एक्सटेन्शन म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम. ते काढायचा सल्ला फायरफॉक्सच्या काळातला. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स १.० आला, टॅब आणि एक्सटेन्शन लोकांच्या अंगवळणी पडले. सगळे टॅब एकाच प्रोसेसमध्ये, म्हणजे संगणकाच्या लेखी एकाच चालत्या प्रोग्रॅममध्ये, चालायचे. एक हँग झाला की सगळे हँग, आणि टॅब बंद केले तरी मेमरी (रॅम) पुरती सुटायची नाही. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने २०११ मध्ये मेमश्रिंक नावाने याच दुखण्यावर काम सुरू केलं. बंद केलेल्या पानांची मेमरी बऱ्याचदा एक्सटेन्शन धरून ठेवतात, असं त्यात दिसलं. ऑगस्ट २०१२ च्या फायरफॉक्स १५ ने त्यातली मोठी गळती बंद केली. हा सल्ला मात्र आजही खरा आहे, कारण अनेक एक्सटेन्शन उघडलेल्या प्रत्येक पानात आपली स्क्रिप्ट घुसवतात. पारखायची सोपी रीत म्हणजे तेच पान इनकॉग्निटो (खासगी) खिडकीत उघडणं. क्रोममध्ये तिथे एक्सटेन्शन आपोआप बंद असतात. तिथे पान सुरळीत चाललं तर आधी संशय एक्सटेन्शनवर घ्यावा.

सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आला. त्याने टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये टाकले. एक कोसळला तरी बाकीचे उभे राहू लागले. फायरफॉक्सला तिथवर यायला २०१६-१७ उजाडलं. याची किंमत मेमरीत मोजावी लागली. पुढे जानेवारी २०१८ मध्ये प्रोसेसरमधली स्पेक्टर ही त्रुटी जाहीर झाली. एका साइटच्या कोडला त्याच प्रोसेसमधला दुसऱ्या साइटचा डेटा वाचता येण्याचा धोका होता. म्हणून क्रोमने त्याच वर्षी ६७ व्या आवृत्तीत प्रत्येक साइट वेगळी ठेवायला सुरुवात केली. त्यासाठी मेमरी सुमारे १० ते १३ टक्के जास्त लागते असं गूगलनेच सांगितलं. टॅब दहा आणि विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये (चालू प्रोग्रॅमच्या यादीत) ओळी तीस, हे पाहून व्हायरस आला म्हणून घाबरायचं कारण नाही. ती सुरक्षेची व्यवस्था आहे.

रॅमचा मुद्दा त्यामुळेच आजही जिवंत आहे. रॅम भरली की विंडोज तिच्यातला काही भाग डिस्कवर हलवतं. डिस्क जुनी, फिरणारी असेल तर विखुरलेली माहिती ती सेकंदाला शंभरेक वेळाच वाचू शकते. मग टॅब बदलताना अख्खा संगणक गोठल्यासारखा होतो आणि डिस्कचा दिवा लुकलुकत राहतो. अशा यंत्रात एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवल्यावर पडणारा फरक कुठल्याही सेटिंगने पडत नाही.

रॅम विकत घेण्याआधी मात्र क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबून बघा. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. मेमरीच्या रकान्यावर क्लिक केलं की सर्वांत खादाड टॅब वर येतो, सीपीयूच्या रकान्यावर क्लिक केलं की कोण सतत राबतंय ते दिसतं. एक्सटेन्शनही तिथे नावानिशी दिसतात. फायरफॉक्सच्या मेनूतही टास्क मॅनेजर आहे.

हार्डवेअर ॲक्सेलरेशनचा सल्ला २०११ चा. त्या वर्षी मार्चमध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ९ आणि फायरफॉक्स ४ यांनी चित्र रंगवायचं काम ग्राफिक्स कार्डाकडे दिलं, आणि कार्ड चालवणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे ड्रायव्हरवर, पडदा लुकलुकू लागला, काळे चौकोन दिसू लागले. तसं काही दिसत असेल तर आधी ड्रायव्हर अद्ययावत करावा. नुसता संथपणा असेल तर ती सोय चालूच ठेवावी, नाहीतर व्हिडिओचा सगळा भार प्रोसेसरवर येतो.

अलीकडे ब्राउझर स्वतःच टॅब आवरू लागले आहेत. मायक्रोसॉफ्टचा एज २०२१ पासून न वापरलेले टॅब झोपवतो. फायरफॉक्स ९३ त्याच वर्षी विंडोजवर मेमरी कमी पडली की टॅब मेमरीतून उतरवू लागला. क्रोमने २०२२ च्या डिसेंबरात त्याच कामासाठी मेमरी सेव्हर आणला. उतरवलेल्या टॅबवर परत गेलं की पान पुन्हा लोड होतं. तो उशीर मेमरी वाचवण्यापोटी होतो, बिघाडामुळे नव्हे. एखादी साइट कायम तयार हवी असेल, तर क्रोममध्ये सेटिंगमधल्या परफॉर्मन्स विभागात तिचा पत्ता घालून ठेवता येतो. मग तिचा टॅब उतरवला जात नाही.