मानसिक आजाराचे निदान (भारत)

मानसोपचारतज्ज्ञाने रुग्णाच्या त्रासाला वैद्यकीय वर्गीकरणातले नाव देऊन ते केस पेपरवर नोंदवणे, म्हणजे मानसिक आजाराचे औपचारिक निदान. ‘टेन्शन’, ‘डोक्यात विचार’, ‘बाहेरचं काहीतरी’ अशा घरगुती शब्दांत वर्षानुवर्षे वावरलेल्या त्रासाला त्या दिवशी नाव मिळते. नाव एकच असले तरी डॉक्टर, दिव्यांगत्व तपासणारे मंडळ, विमा कंपनी, न्यायालय आणि सोयरीक जुळवणारे नातेवाईक ते आपापल्या परीने वाचतात. निदानाचे व्यावहारिक परिणाम या वाचनांवर ठरतात. पुष्कळ जण इथवर पोहोचतही नाहीत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या विकारांत उपचाराविना राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले होते.

हे निदान रक्ताच्या अहवालातून निघत नाही. थायरॉइडसारख्या तपासण्या होतात त्या शारीरिक कारण नाही ना, हे पाहण्यासाठी. खरा आधार रुग्णाशी झालेले बोलणे, घरच्यांनी सांगितलेली हकिकत आणि काळ यांचा. नैराश्यासाठी लक्षणे किमान २ आठवडे, स्किझोफ्रेनियासाठी किमान १ महिना टिकलेली असावी लागतात. म्हणून पहिल्या भेटीतले नाव पुढे बदलू शकते. नैराश्याच्या गोळ्या चालू असताना उन्मादाचा, म्हणजे अतिउत्साहाचा काळ आला, तर निदान द्विध्रुवी (बायपोलर) विकाराचे होते. यात आधीच्या डॉक्टरची चूक असतेच असे नाही. मात्र दोन कागदांवर दोन नावे दिसली, की सरकारी खिडकीपलीकडचा कारकून हटकून अडतो. म्हणून जुने केस पेपर फेकून देऊ नयेत. आपल्या वैद्यकीय नोंदी मागण्याचा हक्क रुग्णाला कायद्यानेच आहे.

हा कायदा म्हणजे मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७. तो २९ मे २०१८ पासून लागू झाला आणि १९८७ चा कायदा गेला. त्याचे कलम ३ निदानाबद्दलच आहे. निदान जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणासारख्या मान्य निकषांवरच करावे; राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थितीवरून, किंवा समाजाच्या नैतिक चौकटीत न बसण्यावरून कुणाला मानसिक रुग्ण ठरवू नये, असे ते सांगते. पूर्वी उपचार घेतले होते, एवढ्यावरून आजही आजार आहे असे धरता येत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आजार ठरला म्हणून ती व्यक्ती ‘विकल मनाची’, म्हणजे कायद्याने स्वतःचे निर्णय घेण्यास असमर्थ, ठरत नाही. तसे सक्षम न्यायालयाने जाहीर करावे लागते. जमिनीच्या वाटणीत ‘त्याची सही चालत नाही’ असे सांगणाऱ्या भाऊबंदांना हे कलम दाखवण्यासारखे आहे.

दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र ही वेगळी पायरी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत मानसिक आजार येतो. तिथे आजाराच्या नावापेक्षा टक्क्यांना किंमत असते. स्वतःची काळजी, इतरांशी वागणे, संवाद व आकलन आणि काम या चार बाबींना प्रत्येकी ० ते ४ आणि आजाराच्या कालावधीला १ ते ४ असे एकूण २० गुण असतात. ७ गुणांपासून ४० टक्क्यांची पातळी सुरू होते आणि बहुतेक सवलती तिथून पुढे मिळतात. शासकीय नोकऱ्यांतील दिव्यांगांच्या ४ टक्के आरक्षणातील १ टक्का मानसिक आजार, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व आदींसाठी मिळून आहे. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची, तीव्र दिव्यांगत्वात १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. अडचण आजाराच्या चढउताराची आहे. मंडळासमोर माणूस नेमका बऱ्या दिवशी, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून येतो आणि गुण घसरतात. शिवाय प्रमाणपत्रासाठी ‘काम जमत नाही’ हे दाखवायचे आणि त्याच प्रमाणपत्रावर मिळणाऱ्या नोकरीसाठी ‘जमते’ हे दाखवायचे, अशी ही कसरत.

नोकरीत असताना आजारामुळे दिव्यांगत्व आले तर शासकीय आस्थापनेला त्या कारणावरून कर्मचाऱ्याला काढता किंवा पदावनत करता येत नाही. केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये म्हटले, की मानसिक दिव्यांगत्वाशी निगडित वर्तनावरून शिस्तभंगाची कारवाई सुरू करणे हा भेदभाव ठरतो. खासगी नोकरीत मात्र बहुतेक जण साहेबांना ‘पाठदुखी’ सांगून रजा घेतात.

आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने संरक्षण देणे २०१७ च्या कायद्याने बंधनकारक केले. पॉलिसीपूर्वीचे निदान अर्जात सांगावेच लागते. ते लपवले, तर दावा नेमका गरजेच्या वेळी अडकतो.

सर्वांत जास्त अडते ते लग्नात. हिंदू विवाह कायद्यात मानसिक विकार हे घटस्फोटाचे कारण आहे; पण नुसते नाव पुरत नाही, विकाराची तीव्रता सिद्ध करावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्किझोफ्रेनियाच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. उलट, आजार लपवून लग्न लावल्यास फसवणुकीच्या कारणावरून विवाह रद्द करण्याची मागणी होऊ शकते. त्यासाठी फसवणूक कळल्यापासून १ वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. तरीही स्थळ हातचे जाईल या धास्तीने मुलीच्या गोळ्या जीवनसत्त्वाच्या डबीत भरून तिला सासरी पाठवले जाते. पाहुण्यांच्या गर्दीत, जागरणांत त्या चुकतात, आणि आजार उलटतो तो बहुधा लग्नानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच.