एक दुखणं कमी होतं म्हणून…

स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ साली आपल्या प्रबंधात १९ स्त्रियांची हकिकत मांडली. डोळे कोरडे, तोंड कोरडं. त्यातल्या १३ जणींना सांध्यांचं दुखणंही होतं. म्हणजे आज ज्याला शोग्रेन सिंड्रोम म्हणतात, तो वैद्यकाला नीट दिसला तोच मुळी जोडीदारासकट!

तरीही एका माणसाला असे दोन आजार निघाले, की रुग्णालाच काय, डॉक्टरांनाही ते पटकन पचत नाही. त्यांची शिकवणच तशी असते: तक्रारी दहा असल्या तरी कारण एकच शोधा. ऑटोइम्यून आजारांत हा नियम बऱ्याचदा फसवतो. इथे शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटलेली असते, आणि कुंपणच शेत खायला लागलं की ते एकाच वाफ्यावर थांबेल असं नाही. पीटीपीएन२२ या जनुकाचं एक रूप आमवात (ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस), ल्युपस (त्वचा, सांधे, मूत्रपिंड अशा अनेक अवयवांवर उलटणारा ऑटोइम्यून आजार), टाइप १ मधुमेह आणि थायरॉइडचे ऑटोइम्यून विकार, अशा सगळ्यांचाच धोका थोडाथोडा वाढवतं.

आमवात आणि ल्युपस एकत्र आले तर त्याला ‘ऱ्हुपस’ म्हणतात. नाव गमतीदार आहे, आजार नाही. ल्युपसमध्ये बोटं वाकडी झाली तरी बहुधा हाताने सरळ करता येतात आणि एक्स-रेत हाड शाबूत दिसतं. आमवातात मात्र सांध्याच्या कडेला हाड उंदराने कुरतडावं तसं दिसतं. ल्युपसच्या रुग्णाच्या एक्स-रेत असे खड्डे दिसले, तर आमवाताची शंका घ्यायलाच हवी. उलट, नुसती एएनए चाचणी (स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली म्हणून दुसरा आजार चिकटवू नये. ती धडधाकट माणसांतही येते.

मला जास्त फसवी वाटते ती गाऊटची जोडी. गाऊट ऑटोइम्यून नाही. सांध्यात युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक साचतात आणि त्यांनी सूज येते. आमवाताच्या रुग्णाचा पायाचा अंगठा एका रात्रीत लालबुंद होतो, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. ‘आमवात उसळला’ म्हणून स्टेरॉइड वाढवलं जातं. स्टेरॉइडने गाऊटही दबतो, त्यामुळे चूक झाकलेलीच राहते. सांध्यातलं पाणी सुईने काढून ध्रुवीकृत प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, की पांढऱ्या पेशींच्या पोटात अडकलेल्या चकचकीत सुया दिसतात. मग वाद उरत नाही.

औषधांचं गणितही सरळ नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आमवाताला आणि ल्युपसला, दोघांनाही चालतं. पण टीएनएफ हे दाह भडकवणारं प्रथिन रोखणारी इंजेक्शनं, जी आमवातात गुणकारी आहेत, मोजक्या रुग्णांत स्वतःच ल्युपससारखा आजार उभा करतात. ती थांबवली की तो बहुधा ओसरतो. म्हणून अशा इंजेक्शनांवर असलेल्या रुग्णाला नवं पुरळ उठलं किंवा श्वास घेताना छातीत कळ आली, तर फाइलवर दुसऱ्या आजाराचं नाव लिहिण्याआधी त्याच फाइलमधलं औषधांचं पान उघडावं.