चामखीळ : घोड्याच्या केसापासून लेझरपर्यंत

आजीच्या मानेवर देठाची चामखीळ होती. पोत घातली की तीत अडकायची. एक दिवस आईने टांगेवाल्याकडून घोड्याच्या शेपटीचा केस मागून आणला, चामखिळीच्या मुळाशी दोन वेढे देऊन घट्ट गाठ मारली. दोन-तीन दिवसांत ती काळीनिळी पडली आणि आठवड्याभरात पदरावर गळून पडली. यात जादू काही नव्हती. रक्त तुटलं की मांस सुकतं, एवढंच. पण देठ नसेल तर केस बांधणार कशाला? अशा चपट्या मसावर मग चुना-सोडा लावायचा, नाहीतर बिब्बा घालायचा. मस जायचा, पण भोवतीची चांगली कातडीही जळायची आणि व्रण जन्मभर राहायचा. असे व्रण मी घरातच पाहिले आहेत, त्यामुळे या उपायांचं कौतुक मला करवत नाही.

आपले शब्दच किती जुने आहेत बघा. चामखीळ म्हणजे सुश्रुतसंहितेतला चर्मकील, कातडीत ठोकलेली खीळ. तिथला मषक आपला मस आणि तिलकालक आपला तीळ. संहितेच्या चिकित्सास्थानात मषक आणि तिलकालक यांवर एकच उपाय दिला आहे: कापून काढावं आणि मग क्षाराने किंवा अग्नीने हळूहळू जाळावं. कापणं आणि जाळणं या दोन वाटा त्यानंतरही शतकानुशतकं तशाच राहिल्या.

तिसरी वाट थंडीची. 1899 मध्ये न्यूयॉर्कच्या कॅम्पबेल व्हाइट यांनी द्रवरूप हवा कापसाच्या बोळ्याने मसांवर लावली. 1950 च्या सुमारास तिची जागा द्रव नायट्रोजनने घेतली. त्याचं तापमान उणे 196 अंश सेल्सिअस. उपाय सोपा, पण आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर एक अडचण होते. रंग तयार करणाऱ्या पेशी गारठ्याने आधी मरतात आणि मसाच्या जागी पांढरा ठिपका उरतो.

जाळण्याची वाटही दरम्यान विजेवर आली. विल्यम बोव्ही यांच्या यंत्राने 1926 मध्ये बॉस्टनला हार्वे कुशिंग यांनी मेंदूची शस्त्रक्रिया केली. आज त्वचारोगतज्ज्ञाकडे ‘कॉटरी’ म्हणून जी पेनासारखी सुई दिसते, ती त्याच कुळातली.

पुढचा टप्पा सांगताना मला खरोखर अभिमान वाटतो. 1964 मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत कार्बन डायऑक्साइड लेझर तयार केला तो कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्याच्या सरकारी कॉलेजातलं. या लेझरचा किरण पाणी चटकन शोषून घेतं, आणि आपली कातडी बरीचशी पाण्याचीच. त्यामुळे मस थराथराने वाफ होऊन उडतो, खालच्या कातडीला आच कमी लागते. सुरुवातीच्या यंत्रांचा किरण अखंड चालायचा, म्हणून चटकेही बसायचे. पुढे किरण क्षणाच्या बारीक तुकड्यांत सोडता येऊ लागला, तेव्हा खोली डॉक्टरांच्या हातात आली. आता आधी भुलीचं मलम किंवा इंजेक्शन, मग टक्-टक् आवाज, केस जळाल्यासारखा वास, आणि काही मिनिटांत काम संपतं.

एक गोष्ट मात्र कळायला फार वेळ लागला. आपण ज्या सगळ्यांना चामखीळ म्हणतो, त्या एका जातीच्या नाहीत. 1907 मध्ये इटलीतल्या ज्युसेप्पे च्युफो यांनी मसाचा गाळलेला अर्क स्वतःच्याच हातात टोचून घेतला आणि तिथे मस उगवले. म्हणजे खरखरीत मस विषाणूने पसरतात. मानेवरच्या मऊ, लोंबत्या चामखिळी तशा नाहीत. त्या घर्षणाच्या जागी येतात, लठ्ठपणा आणि मधुमेहात जास्त दिसतात.

तिळाची गोष्ट आणखी वेगळी. वाढणारा, रंग बदलणारा किंवा रक्त येणारा तीळ लेझरने उडवत नाहीत. तो कापून पॅथॉलॉजीला पाठवतात. सुश्रुताचं जाळणं इथे चालत नाही, कारण सगळंच जाळलं तर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला काही उरत नाही.