मुखवट्यामागचा वाद्यवृंद

माझ्या संग्रहातली सर्वांत जुनी वस्तू विकत घेतलेली नाही. ती एक कॅसेट आहे. मुळात तिच्यावर भक्तिगीतं होती. पुन्हा रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून वरची पट्टी मोडलेली होती, त्या खाचेवर सेलोटेप चिकटवला, टेपरेकॉर्डर टीव्हीच्या स्पीकरला टेकवून ठेवला आणि 'बॅटमॅन : द ॲनिमेटेड सिरीज' या अमेरिकन कार्टून मालिकेचा एक भाग त्यावर उतरवून घेतला. पंचवटीतलं आमचं घर रस्त्याला लागून. त्यामुळे कॅसेटमध्ये रिक्षांचे हॉर्न आहेत, कुकरच्या दोन शिट्ट्या आहेत आणि त्यांच्या मधून येणारं ते संगीत आहे. भाग होता 'ऑन लेदर विंग्ज'. शेवटाकडे वटवाघूळ झालेला माणूस शहरावरून उडतोय, त्याच्या पायाला दोर अडकवून बॅटमॅन खाली लोंबकळतोय, पितळी वाद्यं चढत चालली आहेत, आणि तिथेच वीज गेली. पुढचं उतरलंच नाही.

पुढच्या आठवड्यात तीच कॅसेट परत परत ऐकताना आईने विचारलं होतं, "अरे, ह्यात गाणं कधी सुरू होतं?"

आईचा प्रश्न चुकीचा नव्हता. आपल्याकडे चित्रपटाची कॅसेट म्हणजे गाण्यांची कॅसेट. मुंबईच्या स्टुडिओंमध्ये गोव्याच्या वादकांनी आणि अरेंजरांनी पार्श्वसंगीतात जे काम करून ठेवलं, त्यातलं फारच थोडं स्वतंत्रपणे बाजारात आलं. 'शोले'च्या संवादांची रेकॉर्ड निघाली आणि घरोघरी वाजली, पण नुसत्या पार्श्वसंगीताला तो मान क्वचितच मिळाला. अशा घरातल्या मुलाला लहान मुलांच्या कार्टूनचं पार्श्वसंगीत जपून ठेवावंसं वाटलं, आणि पुढे त्याच कार्टूनच्या संगीताचे चार-चार सीडींचे संच खरोखर निघाले. हे कसं झालं, त्याचीच ही पार्श्वभूमी.

सुरुवात बॅटमॅनच्या बरीच आधी होते. वॉर्नर ब्रदर्सकडे १९३६ ते १९५८ या काळात कार्ल स्टॉलिंग हे संगीतकार होते. बग्ज बनी आणि डॅफी डकच्या सहा-सात मिनिटांच्या फिल्म्सना ते स्टुडिओच्या पूर्ण वाद्यवृंदाकडून दर वेळी नवं संगीत वाजवून घेत. त्या फिल्म्स थिएटरमध्ये लागत, म्हणून तेवढा खर्च परवडत असे. कार्टून टीव्हीवर आलं आणि हात आखडला. मग एकदा रेकॉर्ड केलेले तुकडे साठवून ठेवायचे आणि पाठलाग आला की पाठलागाचा, भीती आली की भीतीचा तुकडा चिकटवायचा, अशी पद्धत रूढ झाली. त्या काळातली कार्टून्स डोळे मिटून ऐकली तर कुठला भाग चालू आहे हे सांगता येत नाही.

१९९० मध्ये वॉर्नरने स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्यासोबत 'टायनी टून ॲडव्हेंचर्स' काढलं. त्यासाठी ठरवून जुन्या पद्धतीकडे परत जायचं झालं : खरा वाद्यवृंद आणि प्रत्येक भागाला नवं संगीत. वॉर्नरच्या ॲनिमेशन विभागाच्या प्रमुख तेव्हा जीन मॅककर्डी होत्या. बॅटमॅन त्याच विभागात तयार झाला, म्हणून ही चैन त्याच्याही वाट्याला आली. मी तिला चैन म्हणतो खरा, पण मुलांच्या कार्यक्रमासाठी तेव्हा कोणी केलेला तो सर्वांत मोलाचा खर्च होता, असं माझं ठाम मत आहे.

दुसरा धागा १९८९ च्या 'बॅटमॅन' चित्रपटातून येतो. त्याचं संगीत डॅनी एल्फमन यांचं. त्या चित्रपटाचे दोन अल्बम निघाले, एक पॉप गायक प्रिन्सच्या गाण्यांचा आणि एक नुसत्या पार्श्वसंगीताचा. दुसरा अल्बम निघणं ही माझ्यासारख्यांच्या दृष्टीने मोठी घटना. आणि ते संगीत लंडनमध्ये रेकॉर्ड होत असताना वाद्यवृंदासमोर छडी घेऊन उभ्या होत्या शर्ली वॉकर.

वॉकरबाईंबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण हा सगळा संग्रह त्यांच्याभोवती फिरतो. जन्म १९४५ चा, कॅलिफोर्नियातल्या नापाचा. पियानो त्यांचा हातखंडा, 'अपोकॅलिप्स नाऊ' या चित्रपटासाठी त्यांनी सिंथेसायझर वाजवला होता. पुढे दुसऱ्यांच्या संगीताचं ऑर्केस्ट्रेशन (कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहून काढणं) आणि संचालन त्यांनी वर्षानुवर्षं केलं. हॉलीवूडच्या मोठ्या चित्रपटाचं पूर्ण पार्श्वसंगीत एकट्या स्त्रीच्या नावावर असणं तेव्हा जवळजवळ अशक्य होतं. १९९२ मध्ये वॉकरबाईंनी ते करून दाखवलं. त्याच वर्षी, ५ सप्टेंबरला, बॅटमॅनची मालिका सुरू झाली.

मालिकेच्या सुरुवातीची धून एल्फमन यांची. गंमत म्हणजे त्या शीर्षकचित्रात मालिकेचं नावच लिहून येत नाही. छपरं, वीज, दोन चोर आणि ती काळी आकृती, बाकी सगळं संगीत सांगतं. आतलं काम मात्र वॉकरबाईंचं आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मंडळींचं. मालिकेचे निर्माते एरिक रॅडोम्स्की आणि ब्रूस टिम यांनी पार्श्वचित्रं काळ्या कागदावर रंगवायची असं ठरवलं होतं. अंधार आधीच होता, त्यात उजेड टाकायचा. संगीतही मला तसंच ऐकू येतं : खाली खर्जातली तंतुवाद्यं आणि बासून, आणि मधूनच एखाद्या फ्रेंच हॉर्नचा उजेड.

प्रत्येक व्यक्तिरेखेला स्वतःची धून दिलेली होती. जोकर यायच्या आधी त्याची धून येते, अर्धा चेहरा विद्रूप झालेला खलनायक टू-फेस बोलायच्या आधी त्याची जखम ऐकू येते. ही रीत पाश्चात्त्य ऑपेरातली. पण मला ती समजली ती पेठ-सुरगाण्याकडच्या बोहाड्यात, म्हणजे तिथल्या मुखवट्यांच्या उत्सवात. रात्रभर मशालींच्या उजेडात एकामागून एक सोंगं येतात. लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा जड मुखवटा डोक्यावर घेतलेला माणूस अजून गर्दीआड असतो, पण संबळ-पिपाणीची चाल बदलली की बसलेली माणसं सावरून बसतात. कोण येतंय ते कानाला आधी कळतं. मुखवट्याला चेहऱ्यावरचे भाव नसतात, त्याची उणीव वाद्यं भरून काढतात. बॅटमॅनच्या बाबतीत वॉकरबाईंनी हेच केलं, असं मला ते ऐकताना प्रत्येक वेळी वाटतं.

कामाची पद्धत अशी. चित्र तयार झालं की संगीतकार आणि निर्माते ते एकत्र पाहत, कुठल्या फ्रेमपासून संगीत सुरू करायचं आणि कुठे शांतता ठेवायची हे ठरत असे. मग बावीस मिनिटांच्या भागासाठी नवं लेखन, ऑर्केस्ट्रेशन, प्रत्येक वाद्यासाठी वेगळी उतरवलेली प्रत. रेकॉर्डिंगच्या दिवशी दोन-तीन डझन वादक समोर आलेला कागद पहिल्यांदा बघत आणि वाजवत. एकूण ८५ भाग झाले. एवढं काम एका व्यक्तीच्या आवाक्यातलं नव्हतं. लोलिटा रिटमॅनिस आणि मायकेल मॅकुइश्चन यांना वॉकरबाईंनी आधी ऑर्केस्ट्रेशन दिलं, मग अख्खे भाग दिले. क्रिस्टोफर कार्टर नंतर आले. गुरूच्या मागे बसून तंबोऱ्यावर साथ करता करता एक दिवस पुढे गायला बसवावं, तसंच हे. ज्या पंचवटीत विष्णु दिगंबर पलुस्करांनी आपला आश्रम थाटला, तिथे वाढलेल्याला यात नवल वाटत नाही.

पहिला अधिकृत अल्बम आला तो याच मालिकेवर आधारलेल्या चित्रपटाचा, 'मास्क ऑफ द फँटॅझम'चा, डिसेंबर १९९३ मध्ये. सुरुवातीला लॅटिनसारखं काहीतरी गंभीर गाणारा गायकवृंद आहे. ते शब्द म्हणजे स्टुडिओतल्या सहकाऱ्यांची नावं आहेत, उलटी करून गायलेली. हे कळल्यावर मी तो भाग कागद-पेन्सिल घेऊन ऐकला होता.

मालिकेचं स्वतःचं संगीत मात्र पडून राहिलं. कारण साधं, पैशाचं. अमेरिकेत वादकांची संघटना बळकट आहे. टीव्हीसाठी वाजवलेलं अल्बम म्हणून विकायचं तर प्रत्येक वादकाला वेगळा मोबदला द्यावा लागतो. तो द्यायलाच हवा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. आपल्याकडच्या वादकांना ते कधी मिळालं असतं तर किती घरं तरली असती. पण त्यामुळे कमी खपाचा अल्बम काढणं मोठ्या कंपन्यांना परवडत नसे. ही जागा छोट्या, हौशी कंपन्यांनी घेतली. मोजक्या प्रती काढायच्या, त्या संपल्या की विषय संपला. ला-ला लँड रेकॉर्ड्सने डिसेंबर २००८ मध्ये पहिला खंड काढला : दोन सीडी, ३००० प्रती. दुसरा खंड २०१२ मध्ये, तिसरा २०१४ मध्ये, आणि २०१४ मध्येच सुपरमॅनच्या मालिकेचाही चार सीडींचा संच.

वॉकरबाईंनी यातलं काही पाहिलं नाही. ३० नोव्हेंबर २००६ ला त्या गेल्या.

पुढच्या मालिकांचं संगीतही माझ्याकडे आहे. १९९९ च्या 'बॅटमॅन बियाँड'मध्ये गिटार आणि इलेक्ट्रॉनिक आवाज आले. ते त्या भविष्यातल्या शहराला शोभतात, पण मी ते वर्षातून एकदाच लावतो.

नाशिकमध्ये बसून हे जमवणं म्हणजे वाट पाहणं. मेन रोड, कॉलेज रोडवरच्या कॅसेट-सीडीच्या दुकानांत विचारून झालं होतं. दुकानदार मनापासून कपाट उचकायचे आणि १९८९ च्या चित्रपटाची व्हीसीडी पुढे करायचे. पहिला खंड न्यू जर्सीच्या आतेभावाने आपल्या पत्त्यावर मागवला आणि येताना कपड्यांच्या घडीत घालून आणला. दुसरा मी थेट मागवला. तो आला तेव्हा खोका दबलेला, डबीचं झाकण तडकलेलं आणि चौथी सीडी आत सुटी खडखडत होती. पृष्ठभागावर केसाएवढा ओरखडा आहे. वाजते मात्र नीट. झाकण मी बदललेलं नाही.

पहिला खंड हाती आला ती रात्र लक्षात आहे. पुस्तिका आधी वाचायची नाही असं ठरवलं होतं. आई शेजारी भाजी निवडत होती. 'ऑन लेदर विंग्ज' लावलं. हॉर्न नाहीत, शिट्ट्या नाहीत. उड्डाण सुरू झालं, पितळी वाद्यं चढू लागली, आणि जिथे वीज गेली होती ती जागा जवळ आली. आईने हातातली मेथीची जुडी खाली ठेवली. तिलाही ती जागा पाठ झाली होती. संगीत तिथून पुढे गेलं.