बुलिमिया : शारीरिक धोके व सोबतचे मनोविकार

बुलिमिया नर्व्होसा हा खाण्याशी निगडित मनोविकार आहे. थोड्या वेळात, ताबा सुटल्यासारखे भरमसाट खायचे आणि वजन वाढेल या धास्तीने मुद्दाम उलटी काढायची, जुलाबाची औषधे घ्यायची, कडक उपास किंवा अतोनात व्यायाम करायचा, असे हे चक्र असते. ते सरासरी आठवड्यातून एकदा तरी, असे ३ महिने चालले की निदान केले जाते. लंडनचे मनोविकारतज्ज्ञ जेरल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये त्याचे वर्णन केले.

रुग्णाचे वजन बहुधा चारचौघांसारखेच असते, त्यामुळे घरात कुणाला शंका येत नाही. खानदेशात तर लपायला आणखी एक आडोसा मिळतो, तो पित्ताचा. ‘पित्त झालंय, उलटी झाली की बरं वाटेल’ हे वाक्य इथे घरोघरी ऐकू येते. भरताच्या पार्टीत आग्रहाने चार घास जास्त खाणे किंवा श्रावणातले उपास हा आजार नव्हे, पण रोज जेवणानंतर न्हाणीघराचे दार लागत असेल, तर त्याला पित्त म्हणून सोडून देऊ नये.

सर्वांत मोठा धोका पोटॅशियम घटण्याचा. ते फार उतरले की हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि अचानक मृत्यूही ओढवू शकतो. जळगाव हा केळीचा जिल्हा, म्हणून ‘दोन केळी खा’ हा सल्ला सहज ओठांवर येतो. तो इथे अपुरा आहे. उलट्यांनी अंगातले पाणी व क्षार घटतात, तसे आल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढते आणि मूत्रपिंडे पोटॅशियम लघवीतून टाकू लागतात. उलट्या थांबून पाणी-क्षार भरून निघेपर्यंत ही गळती चालू राहते. म्हणून रक्ततपासणी आणि ईसीजी हवाच.

पोटातल्या आम्लाने दातांचे, विशेषतः समोरच्या दातांच्या आतल्या बाजूचे, एनॅमल झिजते. आजार पहिल्यांदा ओळखतात ते कधीकधी दंतवैद्यच. उलटीनंतर लगेच ब्रश केल्यास झीज वाढते, नुसती चूळ भरावी. गालाखालच्या लाळग्रंथी सुजतात, पाळी अनियमित होते, क्वचित अन्ननलिका फाटते.

नैराश्य, चिंताविकार, आघातानंतरचा ताणविकार, व्यसनाधीनता आणि सीमावर्ती (बॉर्डरलाइन) व्यक्तिमत्त्वविकार, म्हणजे भावना आणि नाती सतत टोकाला जाण्याचा विकार, हे बुलिमियासोबत वारंवार आढळतात. स्वतःला इजा करणे आणि आत्महत्येचा धोकाही वाढतो; त्याबद्दल रुग्णाला स्पष्ट, पण मायेने विचारावे. नैराश्यावरचे ब्युप्रोपिऑन हे औषध या रुग्णांना देत नाहीत, कारण त्याने आकडीचे (फिटचे) झटके येण्याची शक्यता वाढते. बोधात्मक वर्तनोपचार (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी संवादातून होणारी उपचारपद्धत, सीबीटी) आणि फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचेच दुसरे औषध यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी कुपोषणाची चर्चा असताना ‘खाऊन ओकणे’ हे अनेकांना थेर वाटते. ही समजूत अन्यायाची आहे. तिच्यामुळेच मुली-मुलगे, दोघेही, गप्प राहतात. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतून, मोफत बोलता येते.